घर दाखवा, आमचा संसार नको

लातूर शहरात भाड्याची आणि विक्रीची घरं दाखवणाऱ्या समस्त एजंट मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

पत्र खुलं लिहितेय, कारण तुमच्यातल्या एकाला सांगून भागत नाही. एकाला समजावलं की तो "बरं ताई, लक्षात ठेवतो" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी दुसराच दारात उभा राहतो. घरमालकानं एकच घर चार-पाच जणांच्या कानावर घातलेलं असतं. सगळ्यांकडं आमचा नंबर असतो, पण फोन येतो तो खाली गाडी स्टँडला लावल्यावर. "ताई, पार्टी घेऊन वर येऊलालो, दोनच मिनिटं." मी "थांबा" म्हणेपर्यंत जिन्यात चपला वाजायला लागलेल्या असतात.

मी खाडगाव रोडला भाड्यानं राहते. मूळ गाव अहमदपूर तालुक्यात. हे तिकडं शेती बघतात, मी लेकरांच्या शिक्षणापायी इथं. थोरल्याचं झालं, आता धाकटीची बारावी आणि नीट, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा. अशा बायका या शहरात गल्लोगल्ली आहेत. नवरा गावाकडं, बाई लेकरासोबत दोन खोल्यांत, दोन वर्षांचा मुक्काम. बाहेर 'लातूर पॅटर्न'चे बोर्ड लागतात, त्या पॅटर्नचा डबा आम्ही भरतो. दोन वर्षं झाली की घर सोडायचं हे आम्हालाही पक्कं ठाऊक असतं, आणि आमच्या जागी दुसरं कुणी यावं म्हणून तुम्ही ते आधीच दाखवायला लागता, यातही गैर काही नाही.

तुमच्या धंद्याशी माझं वैर नाही. हे घर मलाही एजंटानंच मिळवून दिलं, एका महिन्याचं भाडं त्याला कमिशन म्हणून मोजलं, आणि ते मला खुपलं नाही. उन्हातान्हात दहा घरं फिरवून आणलेली पार्टी शेवटी "घरी विचारून सांगतो" म्हणून निघून गेली की पेट्रोलसुद्धा तुमच्याच खिशातून जातं, हे दिसतं मला. मागणं एवढंच आहे की आम्ही राहत असलेल्या घरात येण्याआधी विचारा, आणि आलात की पाहुण्यासारखं वागा. भाडं आम्ही भरतोय आणि चावी आमच्या कनवटीला आहे तोवर ते घर आमचं आहे.

आता एप्रिलचं बोलू, कारण सगळी कटकट तिथंच आहे. दहावीची परीक्षा मार्चमध्ये आटोपते. मग नांदेड, परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवकडचे पालक पोरांना घेऊन लातुरात उतरतात, क्लास बघतात आणि लगोलग खोली बघतात. जूनमध्ये यायचं तर आत्ताच इसार देऊन ठेवलेला बरा, असा हिशोब. तुमचा सीझन तो हाच. इकडं नीट गेली काही वर्षं मेच्या पहिल्या रविवारी होतेय. म्हणजे पोरगी पहाटेपासून टेबलाला खिळलेली, जेवायला उठवायचं तरी घाबरत घाबरत, आणि नेमक्या त्याच दिवसांत दिवसाला दोन-दोन पार्ट्या. आधी दोन वर्षं सांभाळलेलं सगळं या शेवटच्या महिन्यात पणाला लागलेलं असतं. तुम्ही ज्या पार्टीला घेऊन येता तिचं लेकरूही दोन वर्षांनी याच टेबलावर, याच महिन्यात बसणार आहे. त्या वेळी तिच्या दारात कुणी असं आलेलं तिला चालेल का, हे वर चढण्याआधी एकदा तिलाच विचारा.

गेल्या आठवड्यातलं सांगते. दुपारचे सव्वातीन. पोरीचा पेपर लावलेला, घरातल्या घरात, घड्याळ समोर ठेवून. परीक्षेची वेळ दुपारचीच असते म्हणून सरावही त्याच वेळी करायचा, असं क्लासमधून सांगितलेलं. बेल वाजली. तुमच्यातले एक जण, मागं नवरा-बायको आणि त्यांचा मुलगा. मी दारातच हळू आवाजात म्हटलं, पेपर चालू आहे, पाचनंतर या. ते म्हणाले, "डिस्टर्ब नाही करत, नुसतं बघून जातो." आणि आत आले. हॉल बघितला, ओटा बघितला, आणि मग थेट तिच्या खोलीचं दार ढकललं. खोलीत उभं राहून पार्टीला म्हणाले, "ही रूम लकी आहे बरं का. रिझल्ट देणारी रूम आहे. ह्याच टेबलवर बसून मागच्या पोराला एमबीबीएस लागलं." टेबल माझ्या नवऱ्यानं गावाकडून टेम्पोत घालून आणलंय, ते या खोलीत आमच्या आधी नव्हतंच. पण ते राहू द्या. त्यापुढं त्यांनी पोरीकडं वळून विचारलं, "काय ताई, मॉकला किती पडतात?"

ती काही बोलली नाही. पार्टीतल्या बाई बिचाऱ्या संकोचल्या, मुलाला हाताला धरून बाहेर गेल्या. ते मात्र उत्तराची वाट बघत उभेच. ७२० पैकी किती पडतात हे त्या घरात मीसुद्धा विचारत नाही हो. ती आपणहून सांगेल तेवढंच. त्या दिवशीचा पेपर तिनं अर्धवट टाकला आणि रात्री जेवताना एकच म्हणाली, "आई, परत आले तर मी गच्चीवर जाईन."

म्हणून सांगते. अभ्यासाला बसलेल्या लेकराशी बोलू नका. नाव विचारू नका, क्लास विचारू नका, मार्क तर नकोच नको. खोली बघायची तर ती रिकामी असताना बघा. क्लासची वेळ आम्ही तुम्हाला आनंदानं सांगू, त्या वेळेत या, कपाटामागची भिंतसुद्धा बघा. लकी रूमचा मंत्र आमच्या माघारी काय म्हणायचा तो म्हणा. आणि मागचं लेकरू नापास झालेलं असेल तर त्या खोलीचं काय करता, हेही कधी तरी ऐकायला आवडेल मला.

दुसरी गोष्ट पाण्याची. लातूरच्या माणसाला पाण्याचं काय सांगायचं? २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडं पडलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय. धरण भरलं तरी नळ काही रोज येत नाही. नळ आला की टाकी, पिंप, घागरी, अगदी कुकरच्या भांड्यापर्यंत सगळं भरून ठेवायचं आणि पुढचा नळ येईस्तोवर पुरवायचं, हा इथला संसार. अशा घरात तुम्ही पार्टीला बाथरूममध्ये नेता आणि नळ सणसणून सोडता. "बघा प्रेशर!" प्रेशर कशाचं? आम्ही मोटर लावून गच्चीवर चढवलेल्या टाकीचं. पार्टी बोट लावून बघते, बेसिनचाही सोडून बघते, तुम्ही बोलत राहता आणि पाणी मोरीतून जात राहतं. त्यातून मला खुणावता, "ताई, पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही ना इथं?" मी काय म्हणावं अशी अपेक्षा असते? मालक ऐकतोय, पार्टी ऐकतेय.

माझ्या तोंडून खोटं वदवू नका. पार्टीनं विचारलं तर मी नळ किती दिवसांनी येतो, टँकर कधी मागवावा लागतो, बोअरला उन्हाळ्यात काय होतं, ते आहे तसं सांगेन. विचारलं नाही तर आपणहून घराची बदनामी करणार नाही. मालकाचं घर आहे, त्याचं नुकसान करायचा मला काय अधिकार? पण माझ्यासारखीच एक बाई लेकराला घेऊन इथं येणार असेल तर तिला चोवीस तास पाण्याची थाप मारायला माझी साक्ष लावू नका. भेगांचंही तसंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर या जिल्ह्यातला माणूस घरात पाऊल टाकलं की आधी भिंतीचे कोपरे बघतो. किल्लारी इथून फार लांब नाही. तर एका गृहस्थांनी मला सांगितलं, "तेवढं कॅलेंडर जरा डावीकडं सरकवा ताई, फ्रेश दिसतंय." डावीकडं भेग आहे. प्लास्टरचीच आहे, घाबरण्यासारखी नाही, मालकानंही सांगितलंय. मग दाखवा की सरळ. कॅलेंडर आहे तिथंच राहील.

आता कायद्याचं, कारण "मालकाची परवानगी आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की शेवटी वकिली करणाऱ्या भाचीला विचारून घेतलं. आपल्या मराठवाड्याला पूर्वी हैदराबाद संस्थानाच्या मुलखासाठी केलेला १९५४ चा भाडे कायदा लागू होता. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून राज्यभर तोच चालतो. त्याचं कलम २८ वाचा, दोन ओळींचं आहे. घरमालकाला भाड्यानं दिलेली जागा बघायचा हक्क आहे, पण आधी सूचना देऊन आणि वाजवी वेळी. लिव्ह अँड लायसन्सच्या करारानं राहणाऱ्यांनाही ते लागू आहे. हा हक्क खुद्द मालकाचा, आणि त्यालाही या दोन अटी. तुम्ही त्याच्या वतीनं येता, तर त्याच्यापेक्षा जास्त हक्क तुमच्याकडं कुठून आला? जिन्यातून केलेला फोन सूचनेत धरायचा असेल तर मग दारावरची थापही सूचनाच म्हणायची.

त्याच कायद्याचं कलम ५५ म्हणतं की करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि तो करून घ्यायची जबाबदारी मालकाची. नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू काय म्हणतो ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. लातुरात किती खोल्या तोंडी बोलीवर चालतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तेव्हा आवाज चढवून "करारात लिहिलंय, कधीही दाखवता येतं" असं सांगण्याआधी करार आहे का ते बघून या. आणि खरंच लिहायचं असेल तर करार करतानाच नीट लिहा: घर सोडायच्या शेवटच्या महिन्यात दाखवता येईल, आदल्या दिवशी फोन करून, अमुक ते अमुक वेळेत. मी सही करायला तयार आहे. करार तुमच्याच टेबलावर होतात, ही एक ओळ घालायला काही खर्च नाही.

महारेराचं, म्हणजे बिल्डर-एजंटांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचं, कार्ड दाखवून एक जण म्हणाले होते, "आम्ही सर्टिफाइड आहोत." चांगलंच आहे. २०२३ पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते, ते पास झालेत म्हणजे शिकलेले आहेत. पण ती नोंदणी महारेरात नोंदलेल्या प्रकल्पांतली विक्री करून देण्यासाठी लागते. भाड्याची खोली किंवा कुणाचं जुनं राहतं घर दाखवायला ती लागत नाही. म्हणजे आमच्या दारात तुम्ही कसं वागायचं हे सांगायला तिथं कुणी बसलेलं नाही. म्हणून तर हे पत्र तुम्हालाच लिहावं लागतंय.

मोबाईलबद्दल जरा सविस्तर लिहिते. हल्ली पार्टी येण्याआधी व्हिडिओ जातो. तुमचं कामही वाचतं, आमच्याकडची वर्दळही कमी होते, त्याला माझी ना नाही. पण तो घेता कसा? दारातून सुरुवात, एका दमात सगळं घर. एकदा आमच्या घराचा व्हिडिओ फिरत फिरत अहमदपूरला माझ्या जावेच्या मोबाईलवर गेला. तिनं मला पाठवला. त्यात दोरीवरचे आमचे कपडे होते, खिळ्याला अडकवलेलं पोरीचं क्लासचं ओळखपत्र होतं, फोटो आणि नावासकट, भिंतीवर तिचं वेळापत्रक होतं, म्हणजे ती कधी घराबाहेर असते आणि कधी परत येते ते सगळं. खाली गल्लीची खूण आणि भाडं. आवाज तुमचाच: "फॅमिलीसाठी बेस्ट, एकदम शांत, सध्या मायलेकी दोघीच राहतात." हे शेवटचं वाक्य पार्टीला कशाला हवं? शेकडो अनोळखी माणसांच्या ग्रुपवर, घरात पुरुष माणूस नसतो हे पत्त्यासकट सांगताय, याचा अर्थ तुमच्या ध्यानात आला नसेल असं मी समजते. आता ध्यानात घ्या. व्हिडिओ काढायचा तर विचारून काढा, आम्हाला पाच मिनिटं द्या, आम्ही कपडे-कागद आवरतो. काढल्यावर आम्हाला दाखवा. आणि घर गेलं की तो ग्रुपवरून काढून टाका.

येळवशीचं मात्र मी अजून विसरले नाही. वेळ अमावास्येला लातूर कसं ओस पडतं हे सांगायला नको. दुकानं बंद, रस्ते मोकळे, सगळं शहर कुणा ना कुणाच्या रानात. आम्हीही सकाळीच गावाकडं गेलो. कडब्याची कोप, भज्जी, उंडे, आंबील, पोरीनंही तेवढा एक दिवस पुस्तक मिटलं. अंधार पडता पडता परत आलो तर कुलूप होतं तसंच. आत गेले तर बाथरूमचा दिवा चालू, पिंपाचं झाकण खाली, देवघराचा पडदा एका बाजूला सारलेला आणि गॅसजवळच्या फळीवरचे डबे मागंपुढं. पैसाअडका काही गेलं नव्हतं. मालकाला फोन केला. ते म्हणाले, दुसरी चावी एजंटाकडं आहे, पार्टी बाहेरगावची होती, सुट्टी बघून आली, तुम्हाला त्रास नको म्हणून फोन केला नाही.

त्रास नको म्हणून! माघारी कुणी तरी देवघराचा पडदा सारून बघितला, डबे हलवले, यापेक्षा दहा वेळा बेल वाजलेली परवडली असती. त्या रात्री पोरीनं कपाटातले तिचे कपडे सगळे धुवायला काढले. कशाला म्हणून मी विचारलं नाही. तेव्हा हे अगदी स्पष्ट लिहिते: भाडेकरू राहत असलेल्या घराची चावी स्वतःकडं ठेवू नका. मालक देत असला तरी घेऊ नका. आम्ही घरी नसताना कुलूप काढणं मला मान्य नाही, आणि आणीबाणी सोडली तर मालकालाही ते करता येणार नाही. पार्टी किती का लांबून आलेली असेना. लांबून येणारा माणूस आधी फोन करूनच निघतो, त्याच वेळी आम्हालाही एक लावा.

बाकी बारीकसारीक. चपला बाहेर काढा, पार्टीलाही सांगा. कपाट घरात बांधलेलं असलं तरी आतलं सामान आमचं आहे, उघडण्याआधी विचारा. फ्रिज तर भिंतीतलाही नाही, तो कशाला उघडता देव जाणे. होकायंत्र लावून देवघराची दिशा बघायची तर लांबून बघा. महालक्ष्म्या बसलेल्या असतील, नवरात्रात घट बसले असतील, घरात बाळंतीण असेल, दुखवटा असेल, तर "आज नको" एवढं म्हटलं की कारण न विचारता परत फिरा. आणि जिन्यातच आडनाव विचारून, स्वयंपाकघरात आल्यावर हळूच "नॉनव्हेज करता का?" हे विचारणं बंद करा. येणाऱ्या पार्टीला 'आधी कोण राहत होतं' याचं उत्तर द्यायचं म्हणून विचारता, ते कळतं आम्हाला. भाडं वेळेवर भरणारी माणसं राहत होती, असं सांगा.

आमच्या बाजूनं आम्ही काय करू, तेही लिहून ठेवते, नाही तर म्हणाल नुसत्या तक्रारी. आदल्या दिवशी फोन आला तर दुसऱ्या दिवशीची एक तरी वेळ मी देईन, टोलवाटोलवी करणार नाही. घर झाडून ठेवेन. दोन पार्ट्या असतील तर एका पाठोपाठ एक आणा, सलग अर्धा तास मोकळा देते. एकट्यानं कुणाला पाठवू नका, तुम्ही स्वतः सोबत या. मी तुम्हाला ओळखते, त्यांना ओळखत नाही. एका गल्लीतल्या आम्ही चौघी-पाच जणींनी हेच ठरवलंय, म्हणजे एकीकडं नाही म्हटलं म्हणून दुसरीकडं घुसता येणार नाही. आणि तुमच्यापैकी जे मोजके जण आदल्या रात्री मेसेज टाकतात, दारात चपला काढतात, "ताई, पाच मिनिटं उशीर होतोय" असंही कळवतात, त्यांचा नंबर मी गावाकडून येणाऱ्या प्रत्येकीला देते. या जूनमध्ये भाचा अकरावीला येतोय, त्याच्यासाठी खोली त्यांच्याकडूनच घेणार आहे.

तर सध्यापुरतं असं: नीटचा रविवार होईस्तोवर आमच्याकडं फक्त संध्याकाळी साडेपाच ते सात, पोरगी क्लासला गेलेली असते तेव्हा. नळाच्या दिवशी नाही. पेपर झाला की दुसऱ्या दिवसापासून सकाळी दहा ते संध्याकाळी सात, कधीही फोन करून या. मेअखेर आम्ही घर सोडतोय. टेबल आम्ही घेऊन जाणार आहोत, ते पार्टीला आधीच सांगून ठेवा.

आपली,
खाडगाव रोडवरची एक भाडेकरू